मोगरी आणि ब्रेक

कुंभकोणमपासून तीन-चार किलोमीटरवर दारासुरम आहे. तिथले ऐरावतेश्वराचे मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधले. त्याचा पुढचा मंडप रथासारखा घडवला आहे. दगडी चाके, दगडी आरे, ओढायला दगडी घोडे. आठशेहून अधिक वर्षे हा रथ जागच्या जागी धावतो आहे. त्याला तेलपाणी लागत नाही, वळावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे थांबावे लागत नाही. गावातल्या सारंगपाणीच्या मंदिरातही गर्भगृह रथाच्याच आकाराचे आहे. कावेरीच्या या खोऱ्यातल्या शिल्पकारांना रथाचे वेड होते म्हणावे इतके ते दगडात रथ कोरत राहिले.

पण दगडी रथावरून खऱ्या रथाची कल्पना येत नाही. त्यासाठी चैत्रात, म्हणजे तमिळ चित्तिरै महिन्यात, सारंगपाणीचा लाकडी रथ रस्त्यावर येतो तेव्हा तिथे असावे लागते. तिरुवारूर आणि श्रीविल्लिपुत्तूर इथल्या रथांनंतर मोठेपणात याचाच नंबर लावतात. जाडजूड दोर धरून माणसे पुढे ओढत असतात. सगळ्यांचे डोळे वर, कळसाकडे आणि देवाकडे. खाली चाकांच्या अगदी शेजारून मात्र काही माणसे वाकून चालत असतात. त्यांच्या हातांत लाकडाचे पाचरीसारखे ठोकळे असतात. त्यांचे लक्ष देवाकडे नसते. ते चाकाकडे पाहत असतात.

त्या ठोकळ्याला तमिळमध्ये ‘मुट्टुक्कट्टै’ म्हणतात. रथाला थांबवण्याचे आणि वळवण्याचे साधन ते एवढेच. रथाचे आस पक्के बसवलेले असतात, पुढची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. म्हणून रथ उजवीकडे वळवायचा तर उजव्या चाकापुढे ठोकळा सरकवायचा. ते चाक अडते, डावे पुढे जात राहते आणि तोंड हळूहळू उजवीकडे फिरते. थांबवायचे तर दोन्ही बाजूंना एकदम ठोकळे द्यायचे. चाक ठोकळ्यावर चढू पाहते आणि रथाचेच वजन ठोकळा जमिनीत दाबून धरते. युक्ती साधी आहे, पण ती करणाऱ्याचा हात चालत्या चाकापासून वीतभर अंतरावर असतो. क्षणभर उशीर झाला तर काय होते, हे रथांच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो. तिथेही ठोकळे घेऊन चाकांबरोबर चालणारी माणसे असतात आणि त्या ठोकळ्याला खानदेशात ‘मोगरी’ म्हणतात. ‘मोगरी लावणे’ हे तिथे मानाचे आणि जबाबदारीचे काम आहे. शब्द वेगळा, मैल हजारभर लांब, पण चाकाशी वाकलेली पाठ तीच. तंजावरच्या मराठ्यांनाही रथांचे हे जग घरचेच झाले होते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि पुढची पावणेदोनशे वर्षे या खोऱ्याचा कारभार मोडीत लिहिला गेला. कुंभकोणमच्या मराठी घरांतून मोठमोठे कारभारी निघाले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. त्यांच्या नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर.

भाषेने मात्र या ठोकळ्याला न्याय दिलेला नाही. तमिळमध्ये कुणाच्या कामात मुट्टुक्कट्टै टाकणे म्हणजे अडथळा आणणे. मराठीतही आपण चांगल्या कामात कुणी खोडा घातला म्हणून चिडतो. तोही लाकडाचाच. पुढे नेणाऱ्याचे कौतुक आणि थांबवणाऱ्याला बोल, ही बहुधा सगळ्याच भाषांची खोड आहे. इंग्रजीने तर कमाल केली. पुरीच्या जगन्नाथावरून त्यांनी ‘जगरनॉट’ हा शब्द केला आणि त्याचा अर्थ ठरवला, वाटेत येईल त्याला चिरडत जाणारी, कुणालाही न थांबवता येणारी शक्ती. लांबून रथ पाहणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. जवळून पाहणाऱ्याला दिसते की तो दर काही पावलांवर थांबवलेला असतो, तेही हातभर लाकडाने.

याच इंग्रजीने देवाच्या रथाला ‘कार’ म्हटले. तमिळ देशातल्या मंदिरांच्या गावांत रथ फिरतो त्या रस्त्यांना अजून ‘कार स्ट्रीट’ म्हणतात. पुढे मोटार आली तेव्हा तिलाही तोच शब्द मिळाला. शब्दाबरोबर अडचणही वारशाने आली. चालवायचे कसे ते लवकर सुटले, थांबवायचे कसे यात बराच काळ गेला.

कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. दोन वर्षांनी त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला घेऊन गेली. अंतर शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. पण उतारावर खरी पंचाईत झाली. ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळाच होता आणि तो झिजून गेला. एका गावात तिने चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. आज गॅरेजमध्ये आपण ज्याला लायनर किंवा ब्रेक पॅड म्हणतो त्याचा उगम त्या चांभाराच्या दुकानात आहे. जर्मनीतल्या त्या उतारावर मोटारही मोगरीवरच चालली होती.

वळण्याचा प्रश्न त्याआधी घोडागाडीवाल्यांनी सोडवला होता. वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या, म्हणून दोन्ही पुढची चाके सारख्याच कोनात वळवली तर ती घासतात. यावरची रचना म्युनिकच्या एका गाडी कारागिराने काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये ती रुडॉल्फ अॅकरमनच्या नावाने पेटंट झाली. थांबवण्याचे कोडे मात्र १९२० च्या दशकात कुठे नीट सुटू लागले. पास्कलने सतराव्या शतकात सांगितले होते की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. त्या नियमावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक चारही चाकांना लावलेली मोटार अमेरिकेत १९२१ मध्ये आली. पायाने पेडल दाबायचे, नळीतले तेल तो दाब चारही चाकांशी नेते. चाकाशी वाकलेली माणसे आता एका बारीक नळीत मावली.

या काळात कावेरीच्या खोऱ्यातही मोटार पोचली होती. १९१० च्या दशकाच्या सुरुवातीला टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी तंजावर आणि पुदुक्कोट्टै यांच्या दरम्यान बस सुरू केली. रस्ते बैलगाड्यांचे. बैलांच्या नालांचे खिळे रस्त्यात पडत आणि टायर फाडत. म्हणून बसच्या आधी लोहचुंबक लावलेली गाडी फिरवून खिळे वेचून घेत, अशी आठवण त्या घराण्याच्या कंपनीत सांगतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांनीच कोळशाच्या गॅसवर गाडी चालवणारी यंत्रे बनवली. गाडी घेणे ही एक गोष्ट आणि ती रोज रस्त्यावर ठेवणे ही दुसरी, हे ज्यांना कळले त्यांचेच धंदे टिकले.

कुंभकोणममध्ये ‘रामन अँड रामन’ ही बस कंपनी होती. मार्गांच्या परवान्यांवरून तिचे खटले १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मोटार वाहन कायद्याचे विद्यार्थी आजही ते वाचतात. आपल्याकडे १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी धावली, तशी तमिळनाडूतही बसवाहतूक टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. १९७२ मध्ये कुंभकोणमला ‘चोळन रोडवेज’ सुरू झाली. ज्या राजांनी दगडात रथ कोरले त्यांचे नाव बसला मिळाले.

सुंदरम अय्यंगारांच्या कंपनीने पुढे १९६२ साली ब्रिटिश भागीदाराबरोबर मद्रासजवळ पाडी इथे ‘ब्रेक्स इंडिया’ हा कारखाना काढला. म्हणजे ज्या घराण्याचा धंदा तंजावरच्या रस्त्यावर चाके फिरवण्यात उभा राहिला, ते चाके थांबवण्याच्या धंद्यात उतरले. पुढे देशी मोटारींना देशी ब्रेक मिळाले.

आणि मग ब्रेक रथाकडे परत गेला. कुंभकोणमपासून चाळीसएक किलोमीटरवर तिरुवारूर आहे. तिथला आळित्तेर हा तमिळनाडूतला सर्वांत मोठा रथ. सजवल्यावर त्याची उंची शंभर फुटांच्या जवळ जाते. जुना रथ १९२६ मध्ये जळाला, नवा १९३० मध्ये तयार झाला. पुढे तो कित्येक वर्षे बंद राहिला आणि १९७० मध्ये पुन्हा निघाला. त्याला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने लोखंडी आस, पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले. बॉयलर बनवणाऱ्या अभियंत्यांनी त्यागराजाच्या रथाला मोटारीचे तंत्र दिले. तरीही मुट्टुक्कट्टै घेतलेली माणसे त्या रथाबरोबर अजून चालतातच. ब्रेक थांबवतो, पण वाट दाखवायला ठोकळाच लागतो.

यात एक गंमत आहे. १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीझने मोटारीत एक नवी सोय आणली. निसरड्या वळणावर गाडी घसरू लागली की यंत्रणा चारांपैकी नेमक्या एकाच चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि गाडीचे तोंड सरळ करते. संगणक, संवेदक, सेकंदाच्या लहानशा भागात निर्णय, हे सगळे त्यात आहे. पण एक चाक अडवून गाडी वळवायची ही मूळ कल्पना कुंभकोणमच्या कुठल्याही मुट्टुक्कट्टैवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणून यंत्र आले की माणूस सुटला, असे म्हणता येत नाही. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळच्या कळिमेडु गावात उत्सवाच्या रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या विजेच्या तारेला लागला आणि ११ माणसे गेली. तिथे दोष चाकांचा नव्हता. डोक्यावर काय आहे, रस्ता किती उंच झाला आहे, तारेतला प्रवाह बंद केला आहे का, हे आधी फिरून पाहणे हाही रथ चालवण्याचाच भाग आहे. चुंबक घेऊन बसच्या आधी जाणाऱ्या गाडीसारखे ते काम आहे. ते कुणाला दिसत नाही. राहून गेले की मात्र सगळ्यांना कळते.

आपल्या दारातल्या मोटारीचेही हेच आहे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे आहे. करकचून ब्रेक दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि स्टिअरिंग हातात राहते. पण ती यंत्रणाही शेवटी त्याच नळीतल्या तेलावर चालते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ धरते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय पेडलवर पडतो आणि पेडल पोकळ लागते. दोन वर्षांनी तेल बदला असे पुस्तिकेत लिहिलेले असते. वेग दुप्पट झाला की तो मोडताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, हेही आपण शाळेत शिकलेलो असतो. तरी सर्व्हिसिंगच्या बिलात त्या तेलापुढची रक्कम पाहून आपण म्हणतो, पुढच्या वेळी बघू. गाडी तर चालते आहे ना.

चालते आहे हे खरेच. ती थांबेल का, हा प्रश्न वेगळा. रथाच्या वेळी हा प्रश्न विचारणारी माणसे चाकाशी वाकलेली दिसत होती. चुकले तर आधी त्यांचाच हात जाणार होता, म्हणून ती बेसावध राहू शकत नव्हती. मोटारीने त्यांची जागा एका बंद नळीला आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला दिली. मोगरी लावणारा गेला, त्याचे काम राहिले आहे. ते आता मालकाकडे आले आहे.