मातृवध, विस्मरण आणि विज्ञानकथा: माहूरच्या निमित्ताने 'इव्हॅन्जेलिअन'चा विचार

मराठीत विज्ञानकथेची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. कथेतील विज्ञान कितपत ग्राह्य आहे, हा पहिला. आणि अशी कथा 'ललित' ठरते काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. विज्ञानकथा ही बुद्धीची कथा होय. मनाचा भाग तीत आलाच तर तो अनुषंगाने येतो, असे ते गृहीतक. ते या वाङ्मयप्रकाराच्या स्वरूपातून निघालेले नसून एका विशिष्ट इतिहासातून आलेले आहे. हा इतिहास स्वतःकडे पाहून नीट दिसत नाही. त्यासाठी दुसरा एखादा इतिहास शेजारी ठेवावा लागतो. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली 'निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलिअन' ही जपानी ॲनिमेशन मालिका त्या कामी उपयोगी पडते. ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात तिचे २६ भाग टीव्ही टोकियोवरून प्रक्षेपित झाले. चौदा वर्षांची मुले महाकाय यंत्रमानवांत बसून लढतात, एवढेच तिचे बाह्य कथानक. मात्र ती वाचण्याची एक किल्ली मराठी प्रदेशातच, नांदेड जिल्ह्यातील माहूरच्या डोंगरावर आहे.

माहूर म्हणजे जुने मातापूर. साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. तेथील रेणुका मुखरूपात आहे, धड नाही. या मुखामागे दोन कथा आहेत आणि त्यांच्यातील अंतर पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पहिली महाभारताच्या वनपर्वातील. स्नानासाठी नदीवर गेलेल्या रेणुकेचे मन चित्ररथाची जलक्रीडा पाहून क्षणभर विचलित होते. अपराध कृतीचा नाही, मनाचा आहे. आणि तो जमदग्नीला कळतो. तो पुत्रांना मातृवधाची आज्ञा करतो. चौघे ती पाळत नाहीत व शापाने जड होतात. धाकटा परशुराम ती पाळतो. प्रसन्न झालेल्या पित्याकडे तो जे वर मागतो त्यांत मातेचे पुनरुज्जीवन आहे आणि वधाचे विस्मरणही आहे. व्यासांच्या कथेत हा वर मिळतो आणि प्रकरण मिटते. पुढे परशुराम निःक्षत्रिय पृथ्वी करायला निघतो तो जणू मागचे काहीच घडले नसल्यासारखा.

माहूरची स्थानकथा मात्र प्रकरण मिटू देत नाही. सहस्रार्जुनाशी झालेल्या वैरात जमदग्नी मारला जातो. परशुराम कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह आणि दुसऱ्यात मातेला घेऊन कोऱ्या भूमीच्या शोधात फिरतो. माहूरला दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यसंस्कार होतो, रेणुका सहगमन करते. मग हा योद्धा आईसाठी मुलासारखा आकांत करतो. ती भूमीतून वर येईल, मात्र मागे वळून पाहू नकोस, असे त्याला सांगितले जाते. त्याला धीर धरवत नाही. तो पाहतो, आणि तोवर केवळ मुखच वर आलेले असते. ज्याने एकदा आज्ञा पाळून शिर वेगळे केले, त्याला दुसऱ्यांदा आज्ञा न पाळता आल्यामुळे शिरच तेवढे पाहायला मिळते. वनपर्वाने जे विस्मरण बहाल केले ते माहूरने परत घेतले. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात रेणुकेचे भूमीशी व वारुळाशी असलेले नाते उलगडून दाखवले आहे. त्या मांडणीनुसार मुखमूर्तीचा उगम पुत्राच्या उतावीळपणात शोधण्याचे कारण उरत नाही. तरीही, प्राचीन भूदेवीचे मुख समजावून घेण्यासाठी लोकमनाला अपराधी पुत्राची कथा का लागली, हा प्रश्न उरतोच. माहूरचे कवी विष्णुदास यांच्या रेणुकेवरील पदांतही वक्ता बहुतेक वेळा आईपासून दुरावलेले लेकरूच असते.

'इव्हॅन्जेलिअन'चा गाभा असाच आहे. शिंजी या मुलाला वडिलांनी, गेंदोने, लहानपणीच दुसऱ्यांकडे ठेवलेले असते. अनेक वर्षांनी बोलावणे येते ते केवळ यंत्रात बसण्यासाठी. हळूहळू उलगडत जाते की यंत्र हे यंत्र नव्हेच. तो एक जिवंत देह आहे आणि बाहेरचे कवच त्याला आवरून धरण्यासाठी घातलेले आहे. ज्या देहात शिंजी बसतो त्यात त्याची आई युई सामावलेली आहे. वडिलांच्या संस्थेतील एका प्रयोगात, मुलाच्या डोळ्यांदेखत, ती नाहीशी झाली होती. आणि मुलगा ते विसरला आहे. चालकाची कुपी द्रवाने भरलेली असते. वीजपुरवठा करणाऱ्या केबलचे नावच 'नाळ' या अर्थाचे आहे. ती तुटली की अवघी पाच मिनिटे उरतात. पिता आज्ञा देणारा, माता हे शस्त्र, आणि पुत्राला मिळालेला वर विस्मरणाचा.

प्रभावाचा प्रश्न येथे अर्थातच नाही. साम्यही पूर्ण नाही. गेंदो मातृवधाची आज्ञा करत नाही. पण अठराव्या भागातील प्रसंग पाहावा. ज्या यंत्रात शिंजीचा वर्गमित्र अडकला आहे त्याच्यावर हल्ला करण्यास तो नकार देतो. त्या चार भावांप्रमाणे तो आज्ञाभंग करतो. गेंदो शाप देत नाही. तो यंत्राचे नियंत्रण मुलाकडून काढून एका कृत्रिम प्रणालीकडे सोपवतो, आणि ज्या देहात मुलगा बसला आहे तेच हात समोरच्याला चिरडतात. मुलगा आत ओरडत राहतो. आज्ञाभंगाची सोयच नाहीशी करणे हा आधुनिक पित्याचा शोध आहे, आणि मालिकेतील सगळ्या तंत्रज्ञानात हाच भाग अधिक भयप्रद आहे.

हे एकाएकी घडले नाही. मित्सुतेरू योकोयामा यांच्या 'तेत्सुजिन २८' (१९५६) या चित्रकथेत मुलगा बाहेर उभा राहून दूरनियंत्रकाने यंत्रमानव चालवतो. त्याच लेखकाच्या 'जायंट रोबो'वरील मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरून भारतीय घरांत पोहोचली. मनगटी घड्याळातून हुकूम सोडणारा तो मुलगा त्या वेळच्या महाराष्ट्रातील मुलांनाही ठाऊक होता. गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये (१९७२) मुलगा यंत्राच्या मस्तकात जाऊन बसला. ते यंत्र आजोबांनी मरताना दिलेले. 'गंडाम'मध्ये (१९७९) यंत्राचा आराखडा नायकाच्या वडिलांचा. मुलगा बाहेरून मस्तकात आणि मस्तकातून उदरात, असा हा चाळीस वर्षांचा प्रवास आहे; आणि वारसा पित्याच्या बाजूचाच असतो, हे सूत्र 'इव्हॅन्जेलिअन'पर्यंत कोणी तपासले नव्हते. या प्रकाराचा आश्रयदाता होता खेळण्यांचा व्यापार. 'गंडाम' तर ठरल्यापेक्षा लवकर, ४३ भागांत गुंडाळावी लागली होती. मात्र व्यापाऱ्याला खेळणे विकले गेल्याशी मतलब; कथेने काय शिकवावे, याविषयी तो उदासीन असतो. त्या उदासीनतेत लेखकाला मोकळीक मिळाली. १९९५ हे वर्षही ध्यानात ठेवावे: १७ जानेवारीला कोबेचा भूकंप, २० मार्चला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला. मालिकेची आखणी त्याआधीची; प्रेक्षक मात्र त्या वर्षाचा होता. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या प्रदेशाने अनुभवली, त्याला हे अधिक सांगायला नको.

मराठी विज्ञानकथेचा आश्रय निराळा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ'मध्ये ज्यूल व्हर्नचे भाषांतर आले, श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' आली. परंतु प्रवाह म्हणून ही कथा उभी राहिली ती मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धांमुळे. १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा जयंत नारळीकरांची निघाली आणि या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली. परिषदेचे कार्य विज्ञानप्रसाराचे, म्हणजे प्रबोधनाचे. त्याचे ऋण मोठे आहे. पण प्रबोधनाच्या आश्रयाने वाढणाऱ्या कथेचा निवेदक शिक्षकाच्या जवळचा होतो आणि पात्रे बहुधा शास्त्रज्ञ होतात. शास्त्रज्ञाला शंका असू शकते. त्याला बालपण क्वचितच असते.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी या दृष्टीने उद्बोधक आहे. उत्खननात सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव घडतो आणि त्याच्या वाढत्या सामर्थ्याने मानवालाच धोका निर्माण होतो. नाव पुराणातले, पण पुराणातून घेतले आहे ते आकारमानाचे रूपक, लहान दिसणारे सर्व व्यापून टाकते हे. घडवणारा आणि घडलेला यांचे नाते पितापुत्रांचे होऊ शकले असते, ते प्रतिस्पर्ध्यांचे राहिले. सुबोध जावडेकरांच्या संग्रहाचे नावही 'वामनाचे चौथे पाऊल' असे आहे. दशावतारांत वामनानंतर परशुराम येतो. मराठी विज्ञानकथा पाचव्या अवतारापाशी रेंगाळली, असे थोडे थट्टेने म्हणता येईल. मनाचा अंधार मराठीत कोणी हाताळलाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. नारायण धारपांनी तो हाताळला. पण त्यांची नाममुद्रा भयकथेची ठरली. विज्ञान एका कपाटात आणि भय दुसऱ्यात, ही वाटणी लेखकांइतकीच समीक्षकांनीही केली आहे. 'इव्हॅन्जेलिअन'ला असे कपाटच सापडत नाही. तिचे शेवटचे दोन भाग युद्ध सोडून मुलाच्या मनात शिरतात. रेखाटने, स्थिरचित्रे, प्रश्नोत्तरे यांवरच ते उभे आहेत. प्रेक्षक संतापले, आणि १९९७ मध्ये चित्रपटाद्वारे निराळा शेवट द्यावा लागला.

जपानी समीक्षक हिरोकी अझुमा यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात एक वेगळी भूमिका घेतली आहे. 'इव्हॅन्जेलिअन'चा चाहता कथा वाचत नाही. तो सुटे घटक वेचतो, अशा घटकांचा साठा हाच आता कथेच्या जागी आला आहे, असे त्यांचे म्हणणे. मालिकेतील ख्रिस्ती व कब्बालाची चिन्हे पाहता ते पटण्याजोगे वाटते. ती बरीचशी शोभेसाठी घेतल्याचे निर्मात्यांपैकीही मान्य केले गेले आहे. परंतु क्षेत्रमाहात्म्यांचा अभ्यासक या सिद्धान्ताने फारसा चकित होणार नाही. वारूळ, मुख, कावड, तीर्थ, बाण हेही सुटेच घटक होते आणि ते ठिकठिकाणी निरनिराळे जुळवले गेले. सुटेपणा ही उत्तर-आधुनिकतेची मिरास नव्हे. विचारायचे ते हे की एखाद्या ठिकाणी हे घटक कोणत्या अस्वस्थतेपोटी एकत्र येतात. माहूरला ते पुत्राच्या अपराधभावाभोवती आले; आन्नोंच्या मालिकेतही तेच घडले.

आन्नोंनी ही कथा २००७ पासून चार चित्रपटांत पुन्हा सांगितली. चौथा मार्च २०२१ मध्ये आला. त्यात अखेरीस शिंजी पित्यापुढे उभा राहतो, आणि त्यांचे युद्ध निरर्थक होऊन दोघे रेल्वेच्या डब्यात बोलत राहतात. आजवर आज्ञेखेरीज काही न बोललेला गेंदो स्वतःच्या एकाकी बालपणाविषयी, पत्नीच्या वियोगाविषयी सांगू लागतो. मुलगा ऐकतो. माहूरच्या कथेत कावडीच्या एका पारड्यातील जमदग्नी वाटभर काहीच बोलत नाही.