बातमी मणिबेलीची, हस्ताक्षर कोणाचं?

इंटरनेटवर कुणीही लिहावं, कुणीही वाचावं, मधे संपादक नाही की परवानगी नाही, याची आता आपल्याला सवय झाली आहे. या मोकळ्या लिखाणाचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा अमेरिकेपासून होते. १९९७ साली ‘वेबलॉग’ हा शब्द आला, १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ झाला आणि त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. हे खरंच आहे. पण मोकळेपणाने बोलण्याची गरज माणसाला का पडते, हे समजून घ्यायचं तर मला अमेरिकेपेक्षा सातपुड्यातलं एक गाव जास्त उपयोगी वाटतं. ते गाव म्हणजे मणिबेली.

मणिबेली नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठावर आहे. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना मणिबेली ठाऊक होतं ते तिथल्या शूलपाणेश्वराच्या जुन्या मंदिरामुळे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी हे पहिलं. १९९० च्या सुमारास गावात ना वीज होती ना टेलिफोन. जायचं तर होडीने, नाहीतर डोंगरातल्या पायवाटेने.

या धरणाची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसवली. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला १९७९ मध्ये आणि जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं १९८५ मध्ये. एवढ्या काळात कागदांचे ढीग तयार झाले, पण ज्यांची शेतं आणि घरं बुडणार होती त्यांच्या हाती त्यातलं काही आलं नाही. पाणी कुठवर चढणार, बदली जमीन कुठे आणि किती मिळणार, जंगलजमीन कसणाऱ्याला काय मिळणार, हे साधे प्रश्न होते. १९८५ नंतर मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरू लागले तेव्हा लोकांच्या तोंडी हेच प्रश्न होते. आधी हे कागद आम्हाला दाखवा, ही सुरुवातीच्या काळातली मोठी मागणी होती. ‘धरण नको’ ही घोषणा त्यानंतरची.

उत्तर काय मिळालं? १९८८ मध्ये धरणाच्या कामाचा परिसर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली आणला गेला. हा कायदा १९२३ चा, इंग्रजांच्या काळातला, हेरगिरी रोखण्यासाठी केलेला. आपलंच गाव बुडणार त्या कामाची चौकशी करणारा माणूस त्या कायद्याच्या कक्षेत येऊ लागला.

अशा परिस्थितीत मणिबेलीची बातमी बाहेर जायची कशी? ती पायी जायची, होडीने जायची. नर्मदा बचाव आंदोलनाच्या बडोद्याच्या कार्यालयात पोचली की तिथून टपाल, तार, फोन आणि पुढे फॅक्स. १९९१ पासून पावसाळ्यात नदीकाठी सत्याग्रह होऊ लागले आणि मणिबेली त्यांचं केंद्र बनलं. त्याच वर्षी जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या तिच्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेच्या कारभारावर कठोर ताशेरे होते. मार्च १९९३ अखेर भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नसल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी बँकेने लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केलं आणि माहिती उघड करण्याचं धोरणही बदललं. या बदलांमागे नर्मदेच्या अनुभवाचा वाटा मोठा होता.

पुढची घटना आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये, जागतिक बँकेच्या पन्नासाव्या वर्षी, एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. मोठ्या धरणांना पैसा देणं बँकेने थांबवावं, अशी मागणी त्यात होती. ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला. त्याचं नाव होतं ‘मणिबेली जाहीरनामा’. बँकेने धरणांविषयीचे आपले सारे जुने-नवे कागद लोकांसाठी खुले करावेत, असंही त्यात म्हटलं होतं. म्हणजे ज्या गावाला स्वतःच्या बुडण्याची माहिती मिळत नव्हती, त्या गावाच्या नावाने जगाला माहिती खुली करायला सांगितलं गेलं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ब्लॉग तर अजून पाच वर्षं दूर होता.

पुढे सगळं भराभर घडलं. १९९६ मध्ये ‘मायबोली’ सुरू झालं आणि परदेशातली मराठी माणसं तिथे एकमेकांशी बोलू लागली. नर्मदेची बातमीपत्रं इंटरनेटवर येऊ लागली. १९९९ मध्ये अरुंधती रॉय यांचा धरणावरचा दीर्घ निबंध नियतकालिकांत आला, तसाच इंटरनेटवरही. युनिकोडमुळे देवनागरी लिहिणं सोपं झालं, तसे मराठी ब्लॉगही वाढले. कुणी पाककृती लिहिल्या, कुणी प्रवास, कुणी मनातली सल. राजस्थानातल्या मजुरांच्या लढ्यातून आणि आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतून माहितीच्या अधिकाराची मागणी जोर धरत गेली आणि २००५ मध्ये देशभराचा कायदा झाला. जुलै २००६ मध्ये सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळे ब्लॉगच अडवले, तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्यांनी याच कायद्याखाली अर्ज करून जाब विचारला. कागद दाखवा, ही नदीकाठची मागणी शहरातल्या लिहित्या माणसाच्याही कामी आली, ती अशी.

इथवरची गोष्ट ऐकायला छान वाटते. पण दोन गोष्टी टाळून पुढे जाता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, बातमी जगभर गेली म्हणून गाव वाचत नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचं काम पुढे नेण्यास परवानगी दिली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचं लोकार्पण झालं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोचलं. धरणाचं पाणी कच्छ-सौराष्ट्रात गेलं आणि तिथल्या माणसाला ते हवं होतं, हेही खरं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर मात्र पाण्याखाली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. मणिबेलीची एवढी बातमी झाली, ती लिहिली कोणी? गावातला माणूस आपल्या भिली बोलीत बोलायचा. त्याचं मराठी किंवा हिंदी व्हायचं, मग इंग्रजी व्हायचं, आणि ती इंग्रजी जगभर जायची. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी होती, त्यांनी लाठ्याही खाल्ल्या. पण दोन भाषा ओलांडताना बोलणाऱ्याचा चेहरा पुसट होतो. त्याचा विनोद, त्याची शंका, शेजाऱ्याशी असलेला त्याचा मतभेद गळून पडतो. उरतो तो ‘विस्थापित’. वैयक्तिक लिखाणाचं सारं मोल तर या गळून पडणाऱ्या गोष्टींतच असतं.

म्हणूनच नंदिनी ओझा यांनी केलेलं काम मला मोलाचं वाटतं. आंदोलनात अनेक वर्षं काम केल्यावर त्यांनी खोऱ्यातल्या माणसांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे या महाराष्ट्रातल्या दोन आदिवासी नेत्यांचं कथन ‘लढा नर्मदेचा’ या पुस्तकात आलं आहे. त्यांचा हा मौखिक इतिहास इंटरनेटवरही ऐकता येतो. इथे आदिवासी माणूस बातमीचा विषय उरत नाही. तो स्वतःच निवेदक होतो. बुडण्याआधीचं जंगल, तिथली शेती, लढ्यातले ताण, हे तो त्याच्या क्रमाने आणि त्याच्या सुरात सांगतो. ब्लॉगकडून आपण दुसरी कसली अपेक्षा करतो?

महाराष्ट्र विधानसभेच्या यादीत अक्कलकुवा हा मतदारसंघ क्रमांक एक आहे. यादी जिथून सुरू होते, त्या डोंगरांतला आवाज मात्र आपल्याकडे नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आला. इंटरनेट खुलं आहे असं म्हणताना आपण बहुधा आपल्याला वाचायला काय मिळालं तेवढंच मोजतो. नर्मदाकाठच्या माणसाला लिहायला, बोलायला आणि आपल्याच शब्दांत उत्तर द्यायला किती जागा मिळाली, हेही त्या हिशेबात धरलं पाहिजे. तसा हिशेब मांडला तर १९९४ च्या जाहीरनाम्यातली मागणी निम्मीच पुरी झाली आहे. कागद बरेचसे खुले झाले. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्यांची लेखणी अजून पुरती चालू व्हायची आहे.