'अलबेला'चं संगीत नेमकं कोणी केलं?

देवपुरात बसून इतिहासावर बोलायचं म्हणजे पांझरेच्या पलीकडे बघितल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. तिकडे, जुन्या धुळ्यात, राजवाडे संशोधन मंडळ आहे. 1926 च्या डिसेंबरअखेर इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच गेले आणि त्यांच्या मागे त्यांनी आयुष्यभर गोळा केलेले कागद राहिले. गावोगाव पायी फिरून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. कागद असेल तर बोला, हा त्यांचा खाक्या. आज आपण जो विषय घेतलाय त्याचे कागद मात्र जवळजवळ सगळे रद्दीत गेले. हलक्याफुलक्या प्रेमपटाचं संगीत, त्यातली गाणी आणि त्यामागचा वाद्यवृंद. विषय ऐकून कोणी हसलं तर हसू द्या. प्रश्न राजवाड्यांचाच आहे: कर्ता कोण, आणि पुरावा काय?

उदाहरणाला आपण 'अलबेला' घेऊ. साल 1951. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्रकृष्ण यांची. गोष्ट साधी: नाटकात काम करायचं वेड लागलेला गरीब घरातला तरुण, घरच्यांचा वैताग, मग रंगमंच, मग प्रेम. संगीतकाराच्या जागी पाटीवर एकच नाव येतं, सी. रामचंद्र.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 1918, पुणतांबा, तेव्हाचा नगर जिल्हा. आधी नट व्हायला गेले, ते जमलं नाही, मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला लागले. भगवानदादांशी मैत्री तिथपासूनच्या धडपडीच्या दिवसांतली. 1942 च्या 'सुखी जीवन'ला संगीत दिलं, तो चित्रपटही भगवानदादांचाच. 1947 साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला. पी. एल. संतोषींनी काढलेली हलकीफुलकी विनोदी प्रेमकथा. त्यात एक इंग्रजी मिश्रणाचं गाणं होतं, ते गल्लीबोळात गेलं. मग 1949 चा 'पतंगा', त्यातलं टेलिफोनवरचं द्वंद्वगीत अजून वाजतं. स्वतः गायचे तेव्हा ते 'चितळकर' नावाने गायचे. एकाच माणसाची दोन नावं एकाच तबकडीवर, संगीतकार वेगळा आणि गायक वेगळा, असं समजणारेही पुष्कळ होते.

आता मुद्द्यावर येऊ. चाल कशी व्हायची हे आपल्याला ठाऊक आहे: पेटी पुढे, शेजारी कवी, मुखडा, अंतरा. पण 'अलबेला' लावला की जे पहिल्यांदा कानावर पडतं ते पेटीतून येत नाही. ट्रम्पेट आहे, सॅक्सोफोन आहे, क्लॅरिनेट आहे, बोंगो आहे. चार वाद्यं एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरतात आणि ते एकमेकांत बसतात. आपल्या रागसंगीतात ही गोष्ट नाही. आपल्याकडे एक गातो, बाकीचे साथ करतात. चार जणांनी चार वेगळ्या ओळी वाजवायच्या तर त्या आधी कोणीतरी लिहाव्या लागतात. आणि लिहिलेलं बघून वाजवणारा माणूस लागतो.

हा माणूस गोव्यातून आला. पोर्तुगीज अंमलात चर्चच्या जोडीला जी गावशाळा असायची तिथे मुलांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत, व्हायोलिन हातात देत, गायनवृंदात उभं करत. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. गोव्यात नोकऱ्या नव्हत्या, म्हणून ही मुलं मुंबईला आली. हॉटेलं, क्लब, मूकपटाच्या पडद्यापुढची वाजवणूक, जिथे मिळेल तिथे. मग 1947 साली साहेब गेला आणि त्याच्या नाचाच्या रात्रीही गेल्या. त्यावर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारू नाही तर क्लब कसला आणि बँड कसला? ट्रम्पेटवाल्यांचा मोर्चा स्टुडिओकडे वळला. हिंदी सिनेमातला तो चकचकीत आवाज ऐन पन्नाशीत वाढला, त्यामागे मोरारजीभाईंच्या दारूबंदीचा हात मोठा आहे असं आम्हाला वाटतं. त्यांना हे आवडलं असतं की नाही कोण जाणे.

सी. रामचंद्रांच्या सोबत होता चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव आल्दोना, जन्म 1916. लुई आर्मस्ट्राँगवर त्याची भक्ती, मुंबईत त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा. तो सी. रामचंद्रांचा सहायक झाला. 'अलबेला'त एका नाचगाण्यात तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचे अंगरखे घालून. लक्षात घ्या, त्या काळी वादकाचा चेहरा दिसणं ही अपूर्वाईची गोष्ट होती. 'नादान'सारख्या चित्रपटाला त्याने स्वतंत्र संगीत दिलं, पण ते फार चाललं नाही. 1967 साली तो गेला.

सबंध गाण्याचं ध्वनिमुद्रण एका दमात व्हायचं. गायक, वादक सगळे एकाच खोलीत. एकाने चूक केली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तबकडी 78 फेऱ्यांची, एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास जागा, तेवढ्यात सगळं बसवायचं. सुरुवातीचा तुकडा, दोन कडव्यांमधला तुकडा, शेवट, हे सेकंदावर मोजून लिहावं लागे. प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, म्हणून नकलाही तितक्याच.

पार्श्वसंगीताची गंमत वेगळी. चित्रपट कापून जोडून झाला की ते काम सुरू व्हायचं. फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, हजार फुटांचं रीळ म्हणजे साधारण 11 मिनिटं. पडद्यावर रीळ लावायचं, नायक कुठे घसरतो, नायिका कुठे वळून बघते ते मोजायचं, त्या मापाचं संगीत लिहायचं आणि पडद्याकडे बघत वाजवायचं. विनोदी प्रेमपटात ही कसरत जास्त, कारण विनोदाची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तर हशा जातो. नायक पडला की ट्रम्पेटने आधी वाजायचं नाही, नंतर वाजायचं. रडं थोडं पुढेमागे झालं तरी चालतं. हे घाईचं, अंगमेहनतीचं काम बरेचदा सहायक आणि वाद्यवृंद-संयोजक यांच्याकडेच यायचं.

मग कर्ता कोण? इथे घाईने निकाल देऊ नये. 'सगळं गोवेकरांनी केलं, संगीतकार नुसते पेटीवाले' असं हल्ली ऐकू येतं. 'अलबेला'तलीच अंगाई घ्या. पिलूच्या अंगाची, जवळजवळ काहीच वाद्यांचा गाजावाजा नसलेली. ती चितळकरांचीच, तिथे संशयाला जागा नाही. 1953 चा 'अनारकली' ज्याने केला त्याला ट्रम्पेटच्या कुबड्या लागत नव्हत्या. उलट बाजूने, पाश्चात्त्य ढंग हवा, तो विनोदी नायकाच्या अंगाला शोभेल, हे ओळखणं आणि ताजमधल्या बँडवाल्याला उचलून आणणं हीसुद्धा संगीतकाराचीच नजर. पण त्या चार ओळी चार वाद्यांना वाटून देणारा हात दुसऱ्याचा होता आणि पाटीवर त्याला मानाची जागा मिळाली नाही. आम्ही हे अन्याय म्हणूनच नोंदवतो.

सेबॅस्टियन डिसोझांचं तेच. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारा हा माणूस फाळणीनंतर मुंबईत आला आणि शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदामागे वर्षानुवर्षं उभा राहिला. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचा खटाटोप केला. त्यांचं नाव घराघरात पोचलं ते 1977 साली, शिष्य प्यारेलाल यांनी ते एका गाण्यात घातलं म्हणून. आणि तेही बहुतेकांना अमिताभच्या पात्राचं नाव वाटतं!

हे सगळं कळलं कसं? ग्रेगरी बूथ या संशोधकाने म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 साली पुस्तक केलं, नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवाल्यांचा शोध घेतला. म्हणजे तोंडी साधनं. लिहिलेले स्वरकागद ध्वनिमुद्रण झालं की कोणाच्याच कामाचे नसायचे, ते बहुतेक फेकले गेले. चितळकरांचं स्वतःचं 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र मराठीत आहे, पण ते संगीतकाराच्या खुर्चीतून लिहिलेलं, हे धरूनच वाचावं लागतं.

जाता जाता एक. 1952 नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मराठी मंत्र्याने मराठी संगीतकाराची गाणी बंद केली, आणि लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं.

कार्यक्रमाआधी एका श्रोत्यांनी विचारलं होतं की आपल्याकडच्या वरातीतल्या बँडवाल्यांचा यात काही संबंध आहे का. आहे. खानदेशातल्या लग्नात बँड जुनं गाणं सुरू करतो तेव्हा तो मुखडा आधी वाजवत नाही. आधी सुरुवातीचा तुकडा वाजवतो, तोही कानाने उचललेला. तेवढ्यावर गर्दी गाणं ओळखते आणि नाचायला लागते. तो तुकडा पुष्कळदा चालीत नसतो. कोण्या वाझने, कोण्या डिसोझाने तो स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून पाच रेघांवर लिहिलेला असतो.