एका पेन्सिल सेलवर तीस तास

मंडळी, "वंडरस्वान" हे नाव कधी कानावर पडलंय? नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. हातात धरून खेळायचं हे यंत्र बांदाई कंपनीने ४ मार्च १९९९ ला जपानमध्ये आणलं, २००३ मध्ये गुंडाळलं, आणि जपानबाहेर ते कधी नीट पोचलंच नाही. सगळ्या आवृत्त्या मिळून खप सुमारे ३५ लाख. त्याच्या पुढ्यात उभा असलेला गेमबॉय (कलर धरून) खपला जवळजवळ ११ कोटी ८७ लाख! म्हणजे लढत म्हणावी अशी लढत नव्हतीच. तरीही आज पंचवीस वर्षांनंतर या यंत्राचे स्क्रीन बदलणारी, त्याच्यासाठी नवे गेम लिहिणारी माणसं जगात आहेत. गेले तीन शनिवार-रविवार मी त्यांच्या मागे लागलो होतो, त्यातून हे लिहिणं.

आता आपल्याकडे हातात धरायचा गेम म्हणजे ब्रिक गेम. पुढे "९९९९ इन १" असं छापलेलं, आत मोजून डझनभर खेळ आणि बाकीचे त्यांचेच वेग वाढवलेले अवतार. मुख्य खेळ टेट्रिसची सरळसरळ नक्कल. (मूळ टेट्रिस अलेक्सी पाजित्नोवने १९८४ साली मॉस्कोत लिहिला. त्याची कुठे कुठे नक्कल होणार आहे हे तेव्हा त्याला कोणी सांगितलं असतं तर!) पिंपरी कॅम्पातून किंवा कुठल्या तरी जत्रेतून तो घरी यायचा. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, त्यात वीजही गायब, टीव्ही बंद. पण ब्रिक गेमला त्याचं काय? पेन्सिल सेल संपले की रिमोटचे काढायचे, तेही संपले की भिंतीवरच्या घड्याळातला. मग आईची ओरड.

हे सांगण्याचं कारण असं की हातातल्या यंत्रांचा अर्धा इतिहास हा सेलचा इतिहास आहे. आणि तो ज्या माणसाला सगळ्यात आधी कळला, त्याचं नाव गुन्पेई योकोई.

योकोई क्योटोच्या दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि १९६५ साली निन्टेन्डोत लागला. तेव्हाची निन्टेन्डो म्हणजे पत्ते बनवणारी कंपनी. हानाफुदा नावाचे फुलाफुलांचे जपानी पत्ते. आणि योकोईचं काम? पत्ते बनवणाऱ्या मशीनची देखभाल. म्हणजे चक्क मेंटेनन्सवाला!

माझे बाबा चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यामुळे या खात्याची इज्जत किती असते ते मला चांगलं ठाऊक आहे. मशीन चालू असलं की "हे लोक नुसते बसून असतात", आणि बंद पडलं की "हे लोक करतात तरी काय?" योकोईही मशीन चालू असताना बसूनच असायचा बहुतेक, कारण रिकाम्या वेळात त्याने कैचीसारखा उघडत लांब जाणारा एक हात बनवला. खेळ म्हणून. कारखान्यात फेरी मारताना तो मालकांच्या, म्हणजे हिरोशी यामाउचींच्या नजरेला पडला. आपल्याकडे अशा वेळी मेमो मिळतो. यामाउचींनी सांगितलं, हे विकायला काढ. १९६६ साली तो "अल्ट्रा हँड" म्हणून बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला.

पुढची गोष्ट बुलेट ट्रेनमधली. कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसलेला योकोईला दिसला. त्या वेळी शार्प आणि कॅसिओ यांचं कॅल्क्युलेटरवरून भांडण जोरात होतं, त्यामुळे एलसीडीचे पडदे मातीमोल झाले होते. योकोईने तेच पडदे घेतले आणि १९८० मध्ये "गेम अँड वॉच" काढलं. नवं असं त्यात काहीच नव्हतं. हेच त्याचं तत्त्व होतं, आणि त्याला त्याने नावही दिलं होतं: कारेता गिजुत्सु नो सुइहेइ शिको. शब्दशः अर्थ "सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार". पण जपानी इंजिनिअरांच्या बोलीत ते "सुकलेलं" म्हणजे वाया गेलेलं नव्हे; सगळे दोष निघून गेलेलं, स्वस्त झालेलं, भरवशाचं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: मुरलेलं. लोणच्यासारखं.

२१ एप्रिल १९८९ ला आलेला गेमबॉय याच लोणच्याचा. हिरवट पडदा, करड्याच्या चार छटा, १६० बाय १४४ ठिपके, मागे दिवा नाही. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली धरूनच खेळायचं. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला: रंगीत, मागून उजेड असलेला, आणि डावखुऱ्यांसाठी उलटा धरता येणारा. (हा शेवटचा विचार किती जणांना सुचतो?) पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. कागदावर गेमबॉयचा निकाल लागायला हवा होता. आता हिशोब करा. गेमबॉय चार सेलवर पंधराएक तास चालायचा. गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते चार तासांच्या आसपास झोपायचे. म्हणजे बारा तास खेळायला अठरा सेल! आमच्या घरात एवढी घड्याळंही नव्हती :)

पण बाजी मारणारे सोडा. मला रस आहे तो गेम गिअरवाल्यांमध्ये, लिंक्सवाल्यांमध्ये. लहानपणी घरात यंत्र एकच येतं. जे आलं ते जगात भारी, हे सिद्ध करणं ही मुलाची जबाबदारी होऊन बसते, कारण दुसरं काही मिळणार नसतं. हे आपल्याला नवीन नाही. आकुर्डीत १९७२ पासून बनत आलेली चेतक ज्यांच्या घरी होती, त्यांना ती तिरपी करूनच सुरू व्हायची हाही तिचा गुण वाटायचा. निष्ठेचा पाया पुष्कळदा पर्याय नसणं हाच असतो, त्याला उगाच उदात्त करण्यात अर्थ नाही. शाळेच्या मैदानावरची "तुझ्यापेक्षा माझं भारी" ही भांडणं कंटाळवाणीच असतात, मग ती टोकियोत होवोत की निगडीत.

गंमत त्यानंतर सुरू होते. कंपनी यंत्र बंद करते, स्पेअर मिळेनासे होतात, आणि बढाई मारायला समोर कोणी उरत नाही. तेव्हा जे मागे राहतात ते हळूहळू मेंटेनन्सवाले होतात. सुरुवातीच्या गेम गिअरमधले कपॅसिटर आता हमखास गळतात. आवाज जातो, पडदा फिका पडतो. ते एकेक काढून नवे बसवणं ही त्या चाहत्यांची दीक्षाच म्हणा. गेमबॉयच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब झाल्या तर पडद्याखालच्या रिबनवरून सोल्डरिंग आयर्न अलगद फिरवतात, रेघा परत येतात. हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नाही. लोकांनी करून पाहिलं, एकमेकांना सांगितलं.

असो. योकोईकडे परत येऊ. १९९५ साली त्याचा व्हर्च्युअल बॉय सपशेल आपटला. डोळ्यांना लावून बघायचा, फक्त लाल रंगाचा. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याने निन्टेन्डो सोडली, कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाईसाठी नवं यंत्र आखायला घेतलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला एक्स्प्रेस-वेवर किरकोळ अपघात झाला म्हणून तो गाडीतून उतरला आणि दुसऱ्या गाडीने त्याला उडवलं. वय ५६. यंत्र बाजारात यायला अजून सतरा महिने होते.

ते यंत्र म्हणजे वंडरस्वान. किंमत फक्त ४८०० येन. आडवं धरा किंवा उभं धरा, दोन्हीकडून खेळता येईल अशी बटणांची मांडणी. रंग नाही. आणि सेल किती? एक. एकच पेन्सिल सेल, आणि कंपनीचा दावा तीस तासांचा. त्याच्याबरोबर आलेल्या कोड्याच्या खेळाचं नाव ठेवलं "गुन्पेई".

आतला प्रोसेसर बघून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. एनईसीचा व्ही३० एमझेड, ३.०७२ मेगाहर्ट्झ. म्हणजे ८०८६ च्याच घराण्यातला! मायक्रोप्रोसेसरची व्हायव्हा दिलेल्या कोणालाही विचारा: फिजिकल ॲड्रेस कसा काढतात? सेगमेंटला सोळाने गुणा, ऑफसेट मिळवा. पास होण्यापुरतं पाठ केलेलं हे गणित एका जपानी पोराच्या खिशात गेम चालवत होतं, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर सबमिशन जरा मन लावून लिहिली असती.

यश मात्र थोडंच लाभलं. स्क्वेअर आणि निन्टेन्डो यांचं तेव्हा बिनसलेलं होतं, म्हणून डिसेंबर २००० मध्ये आलेल्या वंडरस्वान कलरला "फायनल फँटसी" मिळाला. त्या जोरावर थोडी हवा झाली. मार्च २००१ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्स आला, पुढे स्क्वेअर आणि निन्टेन्डोचं पुन्हा जमलं, आणि संपलं.

पण त्याआधी २००० साली एक गोष्ट घडली होती. क्यूट नावाच्या कंपनीने "वंडरविच" नावाचा संच विकायला काढला. त्यात सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, पीसीवरून केबलने यंत्रात टाकायचा आणि खेळायचा. कोणीही. परवाना नको, कंपनीची चिठ्ठी नको. हातातल्या यंत्रांच्या जगात तोवर (आणि नंतरही बराच काळ) ग्राहकाने आत डोकावणं म्हणजे गुन्हाच. क्यूटने वर स्पर्धाही भरवल्या. २००१ ची स्पर्धा जिंकली ती एका हौशी प्रोग्रॅमरच्या "जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड" या विमानांच्या गोळीबाराच्या खेळाने. यंत्र उभं धरून खेळायचा, पडद्यावर गोळ्यांचा नुसता पाऊस, आणि तरी तो अडखळत नाही. तीन मेगाहर्ट्झमध्ये! रोजच्या कामात दोन जीबी मेमरी खाणारं चॅट ॲप उघडं ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने मान खाली घालावी असं ते काम आहे.

तो खेळ कार्ट्रिज म्हणून विकायला आला २००४ मध्ये, म्हणजे बांदाईने यंत्र सोडून दिल्यावर. वंडरस्वानच्या अगदी शेवटच्या खेळांपैकी तो एक, आणि जाणकारांच्या मते सगळ्यात चांगल्यांपैकीही एक.

तुम्ही म्हणाल, छंद आहे ज्याचा त्याचा, यात एवढं काय? व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक पाहणी केली. २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. गेमबॉयच्या कुटुंबातले तर सहा टक्केही मिळत नाहीत, आणि हे अकरा कोटी खपलेल्या यंत्राचं! मग ३५ लाखवाल्याचं काय? त्याच २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोने ३डीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं. तिथे फक्त डाउनलोडने मिळणारे खेळ नव्याने घ्यायची सोय गेली. दुकान कंपनीचं, कुलूप कंपनीचं. कार्ट्रिज निदान कोणाच्या तरी कपाटात पडून राहते. ती कोणी तरी वाचून ठेवावी लागते, आणि ती वाचणारं यंत्र कोणी तरी चालू ठेवावं लागतं. हे काम कुठल्याच कंपनीच्या बजेटमध्ये नाही. ज्यांना आपण "येडे" म्हणतो ते शनिवारी रात्री करतात.

बजाजने डिसेंबर २००९ मध्ये स्कूटर बनवणंच सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि जानेवारी २०२० मध्ये विजेवर चालणारी गाडी आणली तेव्हा नाव काढलं ते चेतकच. मधल्या वर्षांत ते नाव जिवंत कोणी ठेवलं? शोरूमने नाही. केबल आणि क्लच प्लेट शोधत फिरणाऱ्या मालकांनी आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकांनी.

"जजमेंट सिल्व्हरस्वोर्ड"लाही असंच दुसरं आयुष्य मिळालं. २०११ मध्ये क्यूटने एक्सबॉक्स ३६० साठी "एस्काटोस" नावाचा नवा खेळ काढला, त्याच डिस्कवर सिल्व्हरस्वोर्डही दिला. मोठ्या टीव्हीवर तो छान दिसतो म्हणे. मला मात्र तो मूळ यंत्रावर, उभा धरून खेळायचाय. एक जुना वंडरस्वान बघून ठेवलाय, पडदा खराब आहे. बाबांना फोटो दाखवला, तर त्यांनी किंमत विचारलीच नाही. "उघडायला स्क्रू कुठला लागतो?" एवढंच विचारलं.