महाल आणि दोअमली

नागपुरात कुणी ‘महालात राहतो’ म्हटलं, तर त्यावरून त्याच्या श्रीमंतीचा अंदाज बांधू नये. महाल ही भोसल्यांच्या वाड्याभोवतीची जुनी वस्ती. तिथल्या काही गल्ल्यांतून स्कूटरही अंग चोरून जाते. वाड्याच्या महालाला दफ्तरातला एक भाऊ आहे. अरबीत ‘महल्ल’ म्हणजे मुक्कामाची जागा. ‘मोहल्ला’ त्याच घराण्यातला. मोगली हिशेबात मात्र महाल म्हणजे महसुलाचं खातं. गुजरातेतले पंचमहाल हे एकेकाळी शिंद्यांकडे असलेले असेच पाच, आणि मुंबई इलाख्यात तालुक्याहून लहान भाग सांभाळणारा अंमलदार महालकरी.

खात्यातली गावं सलग असायलाच हवीत, असं कुठे आहे? वसूल ज्याच्या नावे, गाव त्याचं. अठराव्या शतकाच्या आरंभी कूचबिहारचा राजा आणि मोगल यांच्यात तह झाले, तेव्हा एकाची गावं दुसऱ्याच्या पोटात राहिली. बंगालीत ते ‘छीटमहाल’. छीट म्हणजे तुकडा. (आपल्याकडे छीट म्हणजे ठिपक्या-फुलांचं छापील कापड. नकाशा पाहिला तर तोही अर्थ चालून जातो.) राजांनी बुद्धिबळात गावं पणाला लावली, ही लोककथा रंगतदार खरी, पण मला वसुलाची वही अधिक पटते. १९४७ नंतर या खात्यांच्या कडा आंतरराष्ट्रीय सीमा झाल्या आणि बाजाराला जायचं तरी परदेश ओलांडणं आलं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे अदलाबदल होऊन मिटले.

युरोपचा शब्द ‘एन्क्लेव्ह’. त्यात लॅटिनमधली किल्ली आहे; म्हणजे कुलपात अडकलेला मुलूख. शब्द नकाशा बघणाऱ्याचा वाटतो, पण मामला तिथेही वसुलाचाच. बार्ले गावात बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या पोटात आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस ब्राबांतच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, ती पडीक. कसलेली, कर देणारी शेतं स्वतःकडे ठेवली. आपल्या कुठल्याही देशमुखाला हे समजावून सांगावं लागलं नसतं! आता तिथे सीमेवरच्या घराचं दर्शनी दार ज्या देशात, घर त्या देशाचं.

वऱ्हाडात प्रकरण याहून अवघड होतं. तिथे गाव एक आणि वसूल करणारे दोन, निजाम आणि नागपूरकर भोसले. या कारभाराचं नाव दोअमली. ‘अंमल’ अरबीत नुसतं काम. मराठीत मात्र सत्ताही आणि नशाही. हे कुणी भोगणाऱ्यानेच ठरवलं असणार. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडचा हक्क सोडला आणि शब्दाचं काम संपलं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात तो अजून वापरता येईल. राजुऱ्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशा १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. रेशनकार्डं दोन, योजना दोन, मतदारयादीत नाव दोन्हीकडे. महाराजगुड्यात तर सीमारेषा एका घराच्या खोल्यांमधून जाते. बार्लेचा दाराचा नियम इथे कुणी लावलेला नाही. त्या घराचा कर दोन्ही राज्यांत भरला जातो.