जेसीबी की पोकलेन? नवं मशीन घेण्याआधी हप्त्याचा नाही, तासांचा हिशेब मांडा

पाऊस थांबला की रस्ते, विहिरी, पाइपलाइन, प्लॉटिंगची कामं सुरू होतात आणि अनेक तरुण कर्ज काढून नवं मशीन घेण्याचा विचार करतात. कमी डाउन पेमेंटची ऑफर पाहून निर्णय पटकन होतो. पण मशीन कामाला शोभणारं नसेल, तर ते दारात उभं राहतं आणि हप्ता मात्र थांबत नाही. मग निवड कशी करायची?

'जेसीबी' आणि 'पोकलेन' म्हणजे नेमकं काय?

ही दोन्ही मुळात कंपन्यांची नावं आहेत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये जेसीबी सुरू केली. भारतात ही कंपनी १९७९ मध्ये आली. पोकलेन ही फ्रेंच कंपनी. आज मात्र पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या चाकांच्या कोणत्याही मशीनला आपण जेसीबी म्हणतो. त्याचं खरं नाव बॅकहो लोडर. पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतात.

कोणत्या कामाला कोणतं मशीन?

बॅकहो लोडर रस्त्यावरून स्वतः चालत जातो. सकाळी एका गावात चर खोदणं आणि दुपारी दुसरीकडे मुरूम भरणं, अशी विखुरलेली छोटी कामं असतील तर तो सोयीचा. नेहमीचं मॉडेल साधारण साडेचार मीटर खोल खोदतं.

एक्स्कॅव्हेटर एका जागी जास्त खोल आणि वेगाने खोदतो. काळ्या मातीच्या ओल्या रानात चाकं रुततात, तिथे पट्ट्यांचं मशीन तग धरतं. कातळ फोडायला ब्रेकर लावायचा असेल, तरी मोठा एक्स्कॅव्हेटर बरा. पण प्रत्येक वेळी साइट बदलताना ट्रेलरचं भाडं मोजावं लागतं. त्यामुळे एकाच जागी बरेच दिवसांचं काम हाती असेल तरच तो परवडतो.

हप्त्याचं गणित कसं मांडायचं?

एक उदाहरण घेऊ. ३० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज आणि ४ वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण ७७,५०० रुपये होतो, म्हणजे वर्षाला सुमारे ९ लाख ३० हजार.

पावसाळा आणि सुट्ट्या वगळून वर्षात ८ महिने काम मिळालं असं धरू. मग कामाच्या प्रत्येक महिन्यात सुमारे १ लाख १६ हजार रुपये फक्त कर्जासाठी बाजूला काढावे लागतील.

भाडं तासाला १,२०० रुपये धरा. त्यातून डिझेलचे ४५० आणि ऑपरेटर, सर्व्हिसिंग, टायर यांचे २५० वजा केले, तर हातात ५०० उरतात. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला सुमारे २३३ तास, म्हणजे २६ दिवस रोज ९ तास काम हवं. परिसरात आणखी मशीन येऊन दर १०० रुपयांनी पडला, तर हेच काम रोज ११ तासांवर जातं. घरखर्च आणि मोठी दुरुस्ती यात धरलेलीच नाही.

आपल्या भागातले दर टाकून हे गणित सहीच्या आधी कागदावर करायला हवं.

२०२५ पासून काय बदललं?

चाकांच्या बांधकाम मशीनना १ जानेवारी २०२५ पासून 'सीईव्ही स्टेज ५' हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. नव्या इंजिनांत सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा वाढली आहे. भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल त्यांना महागात पडतं. दुरुस्तीलाही कंपनीचा प्रशिक्षित मेकॅनिक लागू शकतो.

डीलरला काय विचारायचं?

- सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे? मेकॅनिक किती तासांत साइटवर येईल?
- वॉरंटी किती वर्षांची आणि किती तासांची? सहसा दोन्हीपैकी जे आधी संपेल, तिथे वॉरंटी संपते.
- डेमो आपल्याच साइटवर मिळेल का? टाकी फुल करून काही तास काम करावं आणि पुन्हा फुल करावी. तासाला किती लिटर लागलं, ते कळतं.
- मशीन कुठे आहे, किती तास चाललं हे मोबाइलवर दिसेल का? ही सेवा किती वर्षं मोफत?
- पाच वर्षं जुन्या त्याच मॉडेलला आज बाजारात काय भाव मिळतो? हे डीलरसोबत जुन्या मशीनच्या दलालालाही विचारावं.

जीएसटी, विमा, आरटीओ नोंदणी आणि बकेट-ब्रेकरची किंमत कोटेशनमध्ये वेगळी लिहून घ्यावी.

काम पक्कं नसेल तर?

एक हंगाम भाड्याचं मशीन लावून काम करता येतं. नफा कमी राहतो, पण महिन्याला खरोखर किती तास काम मिळतं याची नोंद हातात येते. ती नोंद वरच्या २३३ तासांच्या जवळपास जात असेल, तर नव्या मशीनचा विचार करायला हरकत नाही. आकडा निम्म्यावरच अडकत असेल, तर कितीही कमी डाउन पेमेंटची ऑफर महागच पडेल.