पदवी कुठल्या रकान्यात लिहायची? लोकनायक अणे आणि फाशांचे खेळ

१/ टेबलाभोवती बसून फाशांनी खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक पात्राचा एक तक्ता असतो. बळ, बुद्धी, कौशल्ये असे सारे काही त्यावर आकड्यांत मांडलेले असते. समजा, पात्र १९२० च्या दशकातील यवतमाळचा वकील आहे. त्याची पदवी या तक्त्यावर कशी मांडावी? प्रश्न खेळातला असला, तरी त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

२/ १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. विद्वत्तेसाठी वेगळा रकाना नव्हता. पात्राचा वर्ग हीच त्याची ओळख आणि तीच त्याची पात्रता.

३/ १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ने शिक्षण हा स्वतंत्र गुण मानला. शिक्षणाचा आकडा आठ वा अधिक असला, तरच उच्च शिक्षणाचा खास तक्ता त्या पात्राला खुला होई. येथे शिक्षण म्हणजे दार. आत गेल्यावर हाती काय लागेल, हे पुढचा फासा ठरवी.

४/ १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुलू’ घडतो तोच मुळी १९२० च्या दशकात. त्याच्या सातव्या आवृत्तीत वकिलाच्या शिक्षणाच्या आकड्याला चारने गुणतात. शिक्षण ८० असेल, तर ३२० गुण मिळतात. ते कायदा, जमाखर्च, ग्रंथालयातील शोध, माणसांची पारख अशा व्यवसायाच्या कौशल्यांत वाटायचे. छंदांसाठीचे गुण मात्र बुद्धीच्या आकड्यावरून येतात.

५/ आता खरा वकील पाहू. माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे. जन्म २९ ऑगस्ट १८८०, यवतमाळ जिल्ह्यातील वणी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, कायद्याची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ साली. त्यापूर्वीच्या वऱ्हाडी तरुणाला पदवीसाठी दूरच्या विद्यापीठाकडेच पाहावे लागे. ‘ट्रॅव्हलर’मधले दार ते हेच.

६/ त्या दारातून अणे यवतमाळच्या वकिलीत आले. तथापि पदवीने मिळतो तो न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचे कसब रोजच्या सरावाने येते. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्येही यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण होते आणि पुढे त्याच खुणेवर ते वाढण्याची संधी मिळते. पदवी एकदाच लिहिली जाते, कौशल्याचा आकडा मात्र खोडून पुन्हा लिहावा लागतो.

७/ ही अनुज्ञा आणि हे ज्ञान वेगळे आहेत, याचा पुरावा त्याच दशकात मिळाला. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना, नोव्हेंबर १९२२ मध्ये, लंडनच्या ‘इनर टेंपल’ने बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकले. ते परत घेतले गेले १९८८ साली. नाव पुसता आले, त्यांना अवगत असलेला कायदा पुसता आला नाही. म्हणून तक्त्यावर दोहोंसाठी दोन रकाने हवेत. एक काढून घेता येणारा, दुसरा न येणारा.

८/ मग आला १० जुलै १९३०. पुसद येथे अण्यांनी जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले. सरकारी राखीव जंगलात परवानगीविना गवत कापायचे, एवढीच कृती. पण गुरांच्या चाऱ्यासाठी जंगलाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला तिचा अर्थ लगेच उमगे. अण्यांना अटक झाली. आपण कोणता कायदा मोडत आहोत आणि त्याची शिक्षा काय, हे या वकिलाला नेमके ठाऊक होते.

९/ येथे आकड्यांची मर्यादा दिसते. कायद्याचे कौशल्य ९० असलेला माणूस कायदा राबवील की उघडपणे मोडील, हे कोणताही तक्ता सांगत नाही. तो निर्णय खेळात खेळाडूचा असतो. इतिहासात तो माणसाचा असतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील पद अण्यांनी सोडले, तोही असाच एक निर्णय.

१०/ आणि छंदाचे गुण? अण्यांनी लोकमान्य टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हे संस्कृत महाकाव्य रचले. अण्यांचे निधन २६ जानेवारी १९६८ रोजी झाले. त्यानंतर १९७३ साली या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वकिलाच्या व्यवसायाच्या यादीत संस्कृत काव्यरचना कोठेच बसत नाही. ती येते उरलेल्या, हौसेच्या रकान्यात.

११/ तेव्हा यवतमाळच्या त्या वकिलाचा तक्ता असा भरावा : पदवी अधिकाराच्या रकान्यात, कायदा सरावाच्या रकान्यात, संस्कृत हौसेच्या रकान्यात. पुसदच्या जंगलासाठी मात्र रकाना आखू नये. ती जागा कोरी ठेवावी. खेळ तेथूनच सुरू होतो.